घर गरम करणारी जुनी गॅस फर्नेस पेटत नसेल तर आधी काय बघायचं

सगळ्यात आधी वास घ्या. गॅसचा वास येत असेल तर काहीही चेक करत बसू नका, लाइटचं बटणसुद्धा दाबायचं नाही, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरूनच गॅस कंपनीला फोन करा.

वास नसेल तर घराचं तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट हीटवर आहे ना, त्याचे सेल संपलेत का, फिल्टर धुळीने गच्च झालाय का, गॅसच्या कॉकचा दांडा पाइपला समांतर, म्हणजे चालू, आहे का एवढं बघा, बऱ्याचदा इथेच सापडतं.

मग चालू करून नुसतं नीट ऐकत राहा, कारण इग्नायटरवाल्या (म्हणजे विजेने तापून गॅस पेटवणारा भाग असलेल्या) फर्नेसचा क्रम ठरलेला असतो: आधी छोटा पंखा फिरतो, मग पंखा हवा ओढतोय हे ओळखणारा प्रेशर स्विच लागतो, इग्नायटर लालभडक होतो, मग व्हॉल्व्हचा टक आवाज आणि ज्योत. कुठे अडतंय ते कळलं की अर्धं काम झालं. इग्नायटर लाल होतच नसेल तर बऱ्याचदा तो तडकलेला असतो, बदलावाच लागतो, आणि नव्याला बोट लावू नका, त्वचेचं तेल लागलं की लवकर जातो. ज्योत पेटून काही सेकंदांतच विझत असेल तर माझा पहिला संशय ज्योत आहे का हे ओळखणाऱ्या फ्लेम सेन्सरवर, त्यावर थर बसतो, वीज आणि गॅस बंद करून तो काढा आणि बारीक स्टील वूलने हलक्या हाताने घासा.

गॅस व्हॉल्व्ह खोलायच्या भानगडीत पडू नका, ते मेकॅनिकचं काम. आणि कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म नसेल तर आजच लावा, जुन्या हीट एक्सचेंजरला (ज्योतीची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या धातूच्या भागाला) तडा गेला तर तो वायू घरात येऊ शकतो आणि त्याला वासच नसतो.