तेल्या-खैऱ्याची भावकी कशी काढाल

सटाण्या-मालेगावकडे डाळिंबावरचा तेल्या रोग कुणाला सांगावा लागत नाही. लिंबावरचा खैऱ्याही घरोघरचा. पण दोन्ही रोगांचे जिवाणू झॅन्थोमोनास सिट्री या एकाच जातीचे प्रकार, हे ऐकल्यावर माझे नाशिकचे एम.एस्सी.चे विद्यार्थी हटकून विचारतात, ‘मॅडम, मग वेगळे कधी झाले?’ ‘कधी’ अवघड आहे. आधी कोण कुणाला जवळचं, ते काढा.

एनसीबीआय या सार्वजनिक ऑनलाइन भांडारात जीनोम, म्हणजे जिवाणूंचे सगळे डीएनए, फुकट मिळतात. खैऱ्याचा ३०६ हा स्ट्रेन (वाण) घ्याच. २००२ साली प्रसिद्ध झालेला, सुमारे ५२ लाख बेसजोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा. सोबत तेल्याचे मिळतील तेवढे, द्राक्षावरचा व्हिटिकोला (नाशिकला राहून तो वगळायचा म्हणजे कमालच), आणि लांबचा नातलग म्हणून कोबीवरचा कॅम्पेस्ट्रिस. तो नसेल तर वंशाच्या झाडाचं मूळ कुठे धरायचं?

नुसते फास्टा, म्हणजे फक्त डीएनएचा क्रम असलेल्या फाइली, उतरवा, जनुकांच्या तयार याद्या नकोत. सगळ्या जीनोमवर प्रोक्का हे जनुकं शोधणारं सॉफ्टवेअर स्वतः चालवा. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरनी केलेल्या याद्या जुळवल्या, तर सॉफ्टवेअरमधला फरक जिवाणूंमधला वाटतो.

पुढे रोअरी, जीनोमांमधली सामाईक जनुकं काढणारी. एकच जनुक मानायला ती मुळात ९५ टक्के साम्य मागते. कोबीवाल्याची बरीच जनुकं त्याखाली जातात आणि सामाईक जनुकांचा आकडा उगाच घसरतो. साम्याची अट खाली आणून पाहा, नाहीतर याच कामाचं ऑर्थोफाइंडर सरळ वापरा. सामाईक जनुकांची जुळणी आयक्यू-ट्री या झाड काढणाऱ्या सॉफ्टवेअरला दिली की झाड मिळतं. अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप, म्हणजे फांदीच्या भरवशाचा आकडा, ९५च्या खाली असलेल्या फांदीवर भिस्त ठेवू नका.

खरी गंमत यानंतर. यजमान वनस्पतीच्या पेशीत सोडल्या जाणाऱ्या प्रथिनांची जनुकं एकेक घेऊन त्यांची स्वतंत्र झाडं काढा. काही मुख्य झाडाशी जुळणार नाहीत. अशी जनुकं प्लाझमिडवरून (जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यांवरून), उड्या मारणाऱ्या तुकड्यांबरोबर इकडून तिकडे जातात. ती वारसाहक्काची जमीन नव्हे, उसनवारी. म्हणून भावकी सामाईक जनुकांवरून ठरवायची, रोगाच्या जनुकांवरून नाही. मुलं नेमकी उलट करायला जातात, कारण रोगाची जनुकं जास्त चटकदार.

यातलंच खैऱ्याचं पीटीएचए४ हे जनुक तर आणखी फसवं. त्यात १०२ बेसचा तुकडा जवळपास तसाच पुन्हा पुन्हा येतो. शॉर्ट रीड्सवरून, म्हणजे डीएनएच्या वाचलेल्या छोट्या तुकड्यांवरून, जीनोम जोडताना हा भाग तुटतो आणि जनुक गायब दिसतं. तेव्हा ही जोडणी (असेंब्ली) कशावरून केली ते आधी बघा, कच्चे रीड्स मिळाले तर त्यांत जनुक शोधा. तोवर कुणात कोणतं जनुक आहे याच्या तक्त्यात त्या चौकटीत शून्य भरू नका.