फिल्टर कापून पाहा, मग ‘रेसिंग’ म्हणा

माझ्या कामाच्या टेबलाखाली कापलेल्या ऑइल फिल्टरांचा एक खोका आहे. घरच्यांच्या लेखी ते भंगार. पण ‘गाडी ट्रॅकवर नेणार आहे, कुठला रेसिंग फिल्टर घालू?’ असं कुणी विचारलं की मी आधी तोच खोका पुढे ओढते. डबे बाहेरून सगळे सारखे, रंग तेवढे निराळे. फरक पोटात असतो.

सुरुवात गाळणीपासून करा. साध्या फिल्टरात सेल्युलोजचा कागद असतो, महागड्यात काचेच्या बारीक धाग्यांचा सिंथेटिक थर, आणि मधल्या किमतीच्यांत दोन्हींचं मिश्रण. काचेचे धागे बारीक आणि एकसारखे असतात, त्यामुळे तितकेच बारीक कण अडवूनही तेलाला वाट मोकळी राहते. वेष्टनावर नुसतं ‘२० मायक्रॉन’ (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छापलेलं असेल तर त्यावर जाऊ नका. २० मायक्रॉनचे किती टक्के कण अडतात, ते विचारा. निम्मे सोडणाराही २० मायक्रॉनचा म्हणवतो आणि शंभरातले ९९ पकडणाराही. टक्केवारीसोबत आयएसओ ४५४८-१२ या चाचणीचा उल्लेख असेल, तर दोन फिल्टर शेजारी ठेवून बोलता येतं. कुठे टक्केवारीऐवजी बीटा आकडा दिसेल, म्हणजे कितीतला एक कण निसटतो ते. बीटा २ म्हणजे दोनातला एक कण पुढे निसटतो. बीटा ७५ म्हणजे पंच्याहत्तरातला एक, म्हणजे ९८.७ टक्के पकड.

मग रेसिंगच्या फिल्टरांची गाळणी बऱ्याचदा जाडीभरडी का? कारण त्यांचं काम वेगळं. इंजिन सतत वरच्या आरपीएमला, तेल बरेचदा जाड, पंप जोरात ढकलतोय. अशा वेळी गाळणीपाशी तेलाचा दाब कमी होऊ न देणं महत्त्वाचं. शिवाय तेल थोडक्याच फेऱ्यांनंतर बदललं जातं, त्यामुळे बारीक कचरा साठायला वेळच मिळत नाही. डब्याचा पत्राही जाड असतो, दाबाच्या धक्क्याने फुगू नये म्हणून. स्टीलच्या जाळीचे, धुऊन परत वापरायचे फिल्टर याच जातीचे. धातूचा तुकडा ते पकडतील, पण रोजच्या गाडीत हजारो किलोमीटर फिरणारी बारीक काजळी आणि धूळ त्यांच्याकडून अपेक्षू नका.

बायपास व्हॉल्व्हबद्दल सावकाश वाचा. गाळणीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबात ठरावीक फरक पडला की हा व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळताच पुढे जातं. गार इंजिन सुरू केल्या केल्या ॲक्सिलरेटर दाबलात तर नेमकं हेच होतं. बेअरिंगला कोरडं ठेवण्यापेक्षा न गाळलेलं तेल परवडलं, एवढाच त्यामागचा हिशोब. काही रेसिंग फिल्टरांत बायपास मुद्दाम ठेवलेला नसतो, थेंबन् थेंब गाळून जावा म्हणून. पण असे फिल्टर वापरणारे बरेच जण इंजिन चालू करण्याआधी तेल गरम करून घेतात. थंडीच्या सकाळी घट्ट तेलावर तुम्ही तसाच स्टार्टर मारलात तर गाळणी चेपते किंवा फाटते. काही इंजिनांत बायपास ब्लॉकमध्येच, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यातच असतो, तिथे फिल्टरात नसला तरी बिघडत नाही. हे मॅन्युअलमध्ये पाहा, दुकानदाराच्या तोंडी उत्तरावर सोडू नका.

दुसरा व्हॉल्व्ह मला अनुभवाने शिकवून गेला. हौसेने जाळीचा फिल्टर रोजच्या गाडीला लावला. माझ्या इंजिनात फिल्टर आडवा बसतो. दुसऱ्या दिवसापासून सकाळी चालू केलं की दोन-तीन सेकंद टॅपेटची, म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या भागांची टकटक. मी तेलाला दोष दिला, तेल बदललं, टकटक तशीच. शेवटी उघडून बघितलं तर आत तेल अडवून धरणारी रबरी चकतीच, म्हणजे हा दुसरा व्हॉल्व्हच, नव्हती. रात्रभरात डबा रिकामा होत होता. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर ही चकती हवीच, आणि सिलिकॉनची असेल तर उत्तम. नायट्राइल रबर उष्णतेने कडक होतं. जुन्या फिल्टरातली चकती अंगठ्याने दाबून पाहा, कडक झालेली असेल तर लगेच कळेल.

आट्यांचा घोळ जीवघेणा आहे. फिल्टर ज्यावर फिरवून बसवतात तो आटे पाडलेला दांडा, म्हणजे स्टड, ३/४-१६ या इंची मापाचा असेल तर १९.०५ मिलिमीटरचा आणि एम२०×१.५ या मेट्रिक मापाचा असेल तर २० चा. २० वाला फिल्टर बारीक स्टडवर फिरतोही, हाताला घट्टही लागतो, आणि दाब आला की सुटू शकतो. भाग क्रमांक जुळवल्याशिवाय लावू नका.

बसवताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिलेली नाही ना, ते बोट फिरवून बघा. नव्या रिंगला तेल लावा, ती टेकल्यावर डब्यावर लिहिलंय तेवढंच हाताने फिरवा. बहुतेकांना पाऊण फेरा पुरतो. ट्रॅकवर जाणार असाल तर सेफ्टी वायरसाठी, म्हणजे फिल्टर सैल होऊ नये म्हणून बांधायच्या तारेसाठी, भोक असलेला घ्या.

आता कापण्याचं. हॅकसॉ नको, त्याचाच कीस आत पडतो आणि तुम्ही इंजिनाला दोष देत बसता. फिल्टर कटर वापरा. तेल निथळू द्या, गाळणीच्या घड्या ब्लेडने सोडवा, दोन फळ्यांत धरून वाइसमध्ये पिळा, मग उन्हात तिरप्या धरा. चुंबकाला चिकटेल ते लोखंड. ॲल्युमिनियम आणि तांबं चिकटत नाही. नुकत्याच बांधलेल्या इंजिनात थोडी बारीक चमक चालते. नखाने उचलता येईल एवढी कपची दिसली तर चावी लावू नका.

रोजची आणि अधूनमधून ट्रॅकवर जाणारी अशी एकच गाडी असेल तर मी सिंथेटिक गाळणी, इंजिनाला हवा तो बायपास आणि सिलिकॉनची चकती असलेला रस्त्याचाच फिल्टर घेते. जागा असेल आणि गाडीला तसा जोड मिळत असेल तर एक माप लांब. खोक्यातला सगळ्यात वरचा तसाच आहे. त्याच्या तिसऱ्या घडीत तांबूस रंगाची एक कपची अजून अडकलेली आहे. ती दिसली तेव्हा मी तेलाचा पॅन काढला, आणि दोन नंबरचं बिग-एंड (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं) बेअरिंग तांब्यापर्यंत झिजलेलं निघालं.