डीएचएफआर क्लोनिंग : कंट्रोल प्लेट जगली तर थांबा, आणि या चुका टाळा

सीएचओ (चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून घेतलेल्या) पेशींत डीएचएफआर, म्हणजे डायहायड्रोफोलेट रिडक्टेज एन्झाइमचं जनुक मी पहिल्यांदा घातलं तेव्हा दहाव्या दिवशी प्लेट गच्च भरली. फार आनंद झाला. मग शेजारची, डीएनए न दिलेली कंट्रोल प्लेट मायक्रोस्कोपखाली धरली. तीही तितकीच भरलेली! सिलेक्शन, म्हणजे जनुक मिळालेल्या पेशीच जगवणं, झालंच नव्हतं.

डीएचएफआर हे एन्झाइम डायहायड्रोफोलेटचं टेट्राहायड्रोफोलेट करतं. ते नसेल तर पेशीला थायमिडीन आणि प्युरीन बनवता येत नाहीत. उर्लाउब आणि चेसिन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीएचएफआर नसलेल्या सीएचओ पेशी हायपोझँथिन, थायमिडीन आणि ग्लायसिन वरून दिलं तरच वाढतात. साध्या सीरममध्ये हायपोझँथिन आणि थायमिडीन असतंच, म्हणजे उपाशी ठेवायच्या पेशींना आपणच चोरून जेवू घालतो. सिलेक्शनला डायलाइज्ड (असे छोटे रेणू काढून टाकलेलं) सीरमच घ्या. मीडियमचं (पेशी वाढवायच्या द्रवाचं) लेबलही वाचा : हॅम्स एफ-१२ मध्ये दोन्ही असतात, आणि अल्फा-एमईएम न्यूक्लिओसाइड नसलेलंच मागवा. कंट्रोल प्लेटमधल्या पेशी मरेपर्यंत एकही कॉलनी उचलू नका.

जनुकासाठी जीनोमिक डीएनएवर पीसीआर लावू नका. मानवी डीएचएफआरची इंट्रॉन (जनुकातले प्रथिन न बनवणारे मधले तुकडे) नसलेली स्यूडोजीन, म्हणजे जनुकासारख्या दिसणाऱ्या नकला, जीनोममध्ये विखुरलेली आहेत. जेलवर बँड अगदी हवा तसा, ५६४ बेसचा दिसतो, आणि सीक्वेन्सिंगमध्ये भलतंच निघतं. आरएनएला आधी डीएनएज (डीएनए तोडणारं एन्झाइम) द्या, मग त्यावरून सीडीएनए, म्हणजे आरएनएची डीएनए-प्रत, करा. एटीजीच्या (प्रथिन जिथून सुरू होतं त्या तीन अक्षरांच्या) आधी, ती सुरुवात पेशीला ओळखता यावी म्हणून, कोझॅक सीक्वेन्स ठेवायला विसरू नका.

डीएचएफआरला अडवणाऱ्या मेथोट्रेक्सेट या औषधाने जनुकाच्या प्रती वाढतात, हे शिम्के यांच्या गटाने १९७८ मध्ये दाखवलं. इथे घाई नडते. काही नॅनोमोलरपासून सुरुवात करा आणि पेशी सावरल्याशिवाय पुढची पायरी चढू नका. औषध काढलं की वाढलेल्या प्रती गळूही शकतात.

आमच्या बडोद्यात मे महिना वेगळा सांभाळावा लागतो. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, गार करत नाही. एका दुपारी लाइट गेली, एसी बंद. लाइट परत आली तेव्हा डिस्प्लेवर ३९ होतं. आठवड्याभराच्या कॉलनी सुटून तरंगत होत्या. तेव्हापासून पेशींची एक व्हायल द्रव नायट्रोजनमध्ये ठेवल्याशिवाय मी मेथोट्रेक्सेट वाढवत नाही.

प्रथिन वेस्टर्न ब्लॉटमध्ये (अँटिबॉडीने प्रथिन शोधायच्या चाचणीत) दिसतंय, पण एन्झाइम वापरतं ते एनएडीपीएच ३४० नॅनोमीटरला कमी होत नाही? क्लोनला दोष देऊ नका. डायहायड्रोफोलेट हवेत ऑक्सिडाइज होतं. ताजं, मर्कॅप्टोइथेनॉल घालून, अंधारात बनवा आणि रीडिंग पुन्हा घ्या.