समरूप त्रिकोणांत न दिलेली बाजू काढताना

प्रमाण मांडण्याआधी समरूपता शिरोबिंदूंच्या योग्य क्रमाने लिहा. पुढचं निम्मं काम तिथेच होतं.

समजा, त्रिकोण अबक मध्ये अब वर प आणि अक वर फ असे बिंदू आहेत आणि रेख पफ ही बक ला समांतर आहे. अप = ४, पब = ६, बक = १५ सेमी. पफ किती?

बरेच विद्यार्थी ४/६ = पफ/१५ असं मांडतात आणि १० उत्तर काढतात. १० हे १५ पेक्षा लहान, त्यामुळे शंकाही येत नाही. पण पब ही कोणत्याच त्रिकोणाची बाजू नाही, ती अब चा नुसता तुकडा आहे! घोळ होतो तो प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयामुळे. तिथे अप/पब = अफ/फक हे अगदी बरोबर असतं, कारण दोन्हीकडे तुकडेच आहेत. समांतर बाजू आली की मात्र पूर्ण बाजूच घ्यायची.

म्हणून आधी लिहा: ∆अपफ ~ ∆अबक. आता आकृतीकडे न बघताही अक्षरांवरून जोड्या मिळतात. पहिली दोन अक्षरं अप आणि अब, शेवटची दोन पफ आणि बक. अब = ४ + ६ = १०, म्हणून ४/१० = पफ/१५ आणि पफ = ६ सेमी.

क्षेत्रफळ विचारलं तर गुणोत्तराचा वर्ग करा. इथे बाजू २ : ५, तर क्षेत्रफळं ४ : २५. खालच्या समलंब चौकोनाच्या वाट्याला २१ भाग येतात. परीक्षेत हाही प्रश्न येऊ शकतो.