हडसनचा मासा घरी आणण्याआधी

एप्रिल लागला की इथे न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन नदीत स्ट्राइप्ड बास हा मासा वर चढू लागतो. अंगावर काळे पट्टे, एरवी थेट आपला जिताडा. कोकणातल्या माणसाचा हात गळाकडे जाणारच. जरूर जा. धक्क्यावरची इथली माणसं मोठ्या मनाची, पहिल्याच दिवशी आमिष लावून देतात. परवाना, मोसम, माशाची लांबी हे दरवर्षी राज्याच्या संकेतस्थळावर बघा. खाण्याचं मात्र नीट ऐका.

१९४७ ते १९७७ या काळात वरच्या अंगाच्या दोन कारखान्यांमधून सुमारे १३ लाख पौंड पीसीबी हे विषारी रसायन या नदीत गेलं. २००९ ते २०१५ मध्ये गाळ उपसला, तरी सगळं निघालेलं नाही. ते माशाच्या चरबीत साठतं. पाणी नितळ दिसतं म्हणून मासा चांगला, असं नसतं.

मी दोन उन्हाळे कॅटफिश घरी आणला. धक्क्यावर मासा खाण्याबद्दल इशाऱ्याची पाटी होती, मी कधी थांबून वाचली नाही. बायको तेव्हा अंगावर पाजत होती. तिला ताकद यावी म्हणून पोटाकडचे तेलकट तुकडे मी मुद्दाम तिच्या ताटात वाढायचो. पीसीबी आईच्या दुधातून बाळाला जातं, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. मुलगी आज ठणठणीत आहे, पण ते ताट डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून पाटी वाचा. हडसन फॉल्स ते ट्रॉयच्या धरणापर्यंत धरलेला मासा परत सोडायचा, घरी न्यायचाच नाही. त्याखाली कुठला मासा महिन्यातून किती वेळा, हे आरोग्य खात्याच्या तक्त्यात टप्प्याटप्प्याने दिलंय. ५० च्या आतल्या बायका आणि १५ च्या आतली मुलं यांच्यासाठी तो सगळ्यांत कडक आहे. पाहुण्यांना वाढतानाही विचारा.

चालणारा मासा असला तरी कातडी, पोटाची चरबी आणि कडेची काळपट पट्टी काढा. भाजताना गळलेलं तेल टाकून द्या. आपली मंडळी म्हणतात, 'कडकडीत तळलं की सगळं मरतं.' जंतू मरतात, पीसीबी नाही. माशातल्या पाऱ्याला तर चरबी काढूनही उपाय नाही, तो मांसातच असतो.

चिंबोऱ्या मिळाल्या तर आतला हिरवट-पिवळा गर खाऊ नका आणि उकडलेलं पाणी ओतून द्या. त्या पाण्याचा रस्सा करायचा नाही. हे सांगितलं की जुने लोक नाराज होतात. होऊ देत.