लायसोझाइमचे एमआयपी बनवताय? या चुका टाळा

अंड्याच्या पांढऱ्या भागातले लायसोझाइम हे प्रथिन स्वस्त आणि कणखर, म्हणून प्रथिनांसाठी साचा-पॉलिमर (एमआयपी, म्हणजे ज्यात एखाद्या रेणूच्या आकाराच्या खाचा उमटवतात आणि मग तो रेणू निवडून पकडतात असे पॉलिमर) करायला शिकणारे बहुतेक जण त्याच्यापासून सुरुवात करतात. सर्वांत मोठी फसगतही इथेच होते.

लायसोझाइमचा समविद्युत बिंदू (ज्या पीएचला प्रथिनावरचा एकूण भार शून्य होतो तो) ११ च्या आसपास. पीएच ७ ला त्यावर भरपूर धनभार असतो. मोनोमर (ज्या लहान रेणूंपासून पॉलिमर बनते तो) मेथाक्रिलिक आम्ल असेल तर पॉलिमर ऋणभारित. मग साचा उमटो वा न उमटो, दोघे चिकटणारच. तुलनेला फक्त बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन प्रथिन) घेतले, तर ते ऋणभारित असल्याने दूर राहते आणि आलेख देखणा येतो. ही निवडकता नव्हे, नुसते भारांचे आकर्षण आहे. तुलनेला सायटोक्रोम सी किंवा रायबोन्यूक्लिएज ए घ्या. दोन्ही प्रथिने जवळपास तेवढ्याच आकाराची आणि धनभारित. बफरमध्ये मीठ वाढवूनही पाहा, म्हणजे भारांचे आकर्षण कमी होते. माझे पहिले पॉलिमर-कण याच कसोटीत नापास झाले होते. वाईट वाटले, पण ती कसोटी आधीच घ्यायला हवी होती.

प्रथिन न घालता केलेला कंट्रोल (तुलनेचा पॉलिमर) लागतोच. मात्र प्रथिन नसताना कण वेगळ्या आकाराचे वाढू शकतात. दोन्हींचा आकार मोजा, नाहीतर पृष्ठभागातल्या फरकालाच तुम्ही साच्याचा परिणाम समजाल.

धुण्यात घाई नको. एसडीएस (एक डिटर्जंट) आणि अॅसेटिक आम्लाने टेम्प्लेट (साचा उमटवायला घातलेले प्रथिन) निघते, पण मागे राहिलेले एसडीएस स्वतःच लायसोझाइम ओढून घेते आणि प्रथिन मोजायची ब्रॅडफर्ड चाचणीही बिघडवते. आधी पाण्याने, मग बफरने धुवा. धुवणाचे २८० नॅनोमीटरचे वाचन (प्रथिन प्रकाश शोषते ती तरंगलांबी) कोऱ्या बफरइतके होईपर्यंत थांबू नका. किती टेम्प्लेट घातले, किती निघाले, याचा हिशेब वहीत हवा. आत अडकलेले प्रथिन नंतर झिरपले, तर बंधन कमी झाल्यासारखे दिसते.

पॉलिमर तयारच होत नसेल तर आधी ऑक्सिजनवर संशय घ्या: द्रावणातून नायट्रोजन सोडा, अमोनियम परसल्फेट (पॉलिमर बनणे सुरू करणारा पदार्थ) ताजे घ्या. क्रॉसलिंकर (पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना जोडणारा पदार्थ) फार कमी पडला की जेल फुगून खाचांचा आकार जातो, फार झाला की प्रथिन बाहेरच येत नाही. म्हणून जाड ठोकळ्यापेक्षा सिलिका कणांवरचा काही नॅनोमीटरचा थर बरा.

लायसोझाइमला जमलेली गरम कृती हिमोग्लोबिनला लावू नका. प्रथिन उलगडले, तर साचा उलगडलेल्या रूपाचाच उमटेल.