स्टेशन वॅगनच्या मागच्या शॉकच्या नॉबपर्यंत हात कसा पोहोचवावा

ॲडजस्टेबल शॉक, म्हणजे नॉब फिरवून मऊ किंवा कडक करता येणारे धक्काशोषक, बसवलेल्या स्टेशन वॅगनमध्ये पुढचे नॉब बहुधा बॉनेट उघडताच दिसतात आणि मालक ते हौसेने फिरवूनही पाहतो. मागचे नॉब मात्र शॉक बसवले त्या दिवशी ज्या क्लिकवर (नॉब फिरताना जाणवणाऱ्या खटक्यावर) ठेवले होते, त्याच क्लिकवर वर्षानुवर्षे राहतात, कारण ते अनेकदा सामानाच्या जागेच्या बाजूला असलेल्या प्लॅस्टिकच्या आवरणामागे दडलेले असतात आणि दर वेळी ते आवरण उतरवण्याचा उत्साह कोणालाच नसतो. खरे तर मागचा शॉक वेळोवेळी जुळवून घेण्याची गरज वॅगनलाच सर्वांत जास्त असते. एकटा चालक असताना आणि पाच माणसे व छतापर्यंत सामान असताना मागच्या चाकांवरचा भार इतका बदलतो, की रिकाम्या गाडीला नेमका वाटणारा रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत उसळताना शॉक करतो तो विरोध) भरलेल्या गाडीला अपुरा पडतो आणि उंचवट्यावरून गेल्यावर गाडीचा मागचा भाग दोन-तीनदा वरखाली होत राहतो. म्हणून एक दिवस मोकळा काढून नॉबपर्यंतची वाट कायमची करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी: भाराने मागून बसलेली गाडी नॉब फिरवून वर येत नाही. भार पेलणे हे स्प्रिंगचे काम असते. शॉक फक्त तिची हालचाल आवरतो.

पाना हातात घेण्यापूर्वी आपल्या शॉकचा नॉब नेमका कोठे आहे हे शोधावे, कारण सगळ्यांची रचना सारखी नसते. बिल्स्टाइन कंपनीच्या बी१६ संचात नॉब बहुधा शॉकच्या खालच्या टोकाला असतो, म्हणजे डिकीतले काहीही उघडण्याची गरज नसते. केडब्ल्यू कंपनीच्या व्हेरिएंट ३ मध्ये रिबाउंड वरून आणि कम्प्रेशन (स्प्रिंग दबतानाचा विरोध) खालून जुळवतात. कोनीच्या काही मागच्या शॉकमध्ये बाहेर नॉबच नसतो. शॉक गाडीतून काढून, दांडा पूर्ण आत दाबून, आतली खाच अडकल्यावर तो फिरवावा लागतो. अशा शॉकसाठी आवरणाला भोक पाडणे म्हणजे गाडीचे विनाकारण नुकसान. शॉकसोबत आलेले माहितीपत्रक वाचण्यात गेलेली दहा मिनिटे येथे पुष्कळ श्रम वाचवतात.

नॉब वर असेल तर आवरण एकदा तरी पूर्ण उतरवावेच लागते. अंदाजाने बाहेरून भोक पाडण्याचा मोह टाळावा, कारण त्याच पोकळीत मागच्या वायपरच्या पाण्याची नळी, दिव्यांच्या तारा आणि सीटबेल्ट गुंडाळणारी यंत्रणा असू शकते. छताच्या कडेने मागच्या खांबापर्यंत पडदा-एअरबॅग गेलेली असेल किंवा सीटबेल्टला प्रीटेन्शनर (धडकेच्या वेळी पट्टा झटकन आवळणारा भाग) असेल, तर आधी बॅटरीची ऋण बाजू सोडवावी, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे आणि मगच कामाला लागावे. खांबावरचे आवरण काढण्याची गरज नसेल तर त्याला हातही लावू नये.

काढण्याचा क्रम साधारणपणे असा असतो: मागची सीट पुढे पाडावी, डिकीतला तळाचा फळा उचलावा, दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी काढावी, सामान बांधण्याच्या कड्यांचे बोल्ट सोडवावेत आणि शेवटी बाजूचे आवरण ओढावे. उंबऱ्याची पट्टी बाजूच्या आवरणाच्या कडेवर बसलेली असते, त्यामुळे ती आधी न काढता ओढाओढ केली तर आवरणाचा कोपरा हमखास तुटतो. क्लिप काढताना लोखंडी स्क्रूड्रायव्हरऐवजी प्लॅस्टिकची पट्टी वापरावी आणि ती आवरणाच्या मध्यावर न लावता अगदी क्लिपच्या शेजारी सरकवावी. क्लिप सुटताना टक असा कोरडा आवाज येतो. तो न येता प्लॅस्टिक पांढरे पडू लागले, तर तेथेच थांबून एखादा लपलेला स्क्रू राहिला आहे का ते पाहावे. थंडीत प्लॅस्टिक ठिसूळ होते, अशा वेळी केस वाळवण्याच्या यंत्राने ते थोडे कोमट करून घेतल्यास काम सोपे जाते. आवरण सुटले तरी ते झटक्याने बाहेर काढू नये. डिकीतला दिवा आणि १२ व्होल्टचे सॉकेट यांच्या तारा मागून जोडलेल्या असतात. पहिल्यांदा हे काम करताना मी दिव्याची तार सॉकेटमधून उपटली होती आणि नॉबच्या कामापेक्षा ती तार दुरुस्त करण्यातच माझा जास्त वेळ गेला होता.

आता आतला पत्रा, आवाज शोषणारा फोम आणि शॉकच्या वरच्या माउंटवरची रबरी टोपी दिसेल. टोपी काढली की दांड्याचे टोक, मोठा नट आणि त्याच्या मध्यातून वर आलेला नॉब किंवा ॲलन कीची खाच दिसते. मोठ्या नटाला हात लावू नये. नॉब पोकळ दांड्यातल्या एका बारीक सळईला फिरवतो आणि ती सळई तळातल्या झडपेची सुई वरखाली करते, त्यामुळे पकडीने जोर लावला तर सळई किंवा झडप खराब होऊन पूर्ण शॉक निकामी होऊ शकतो. बोटांच्या चिमटीत जेवढा जोर येतो, तेवढाच पुरे.

कायमची वाट करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग आवरणात नेमक्या जागी भोक पाडण्याचा. त्यासाठी जाड पुठ्ठ्याचा साचा करावा: आवरण ज्या दोन बोल्टवर बसते, त्यांच्या जागा पुठ्ठ्यावर घेऊन पुठ्ठा तेथेच बसवावा, नॉबच्या अक्षाच्या रेषेत त्यावर खूण करावी आणि मग तोच पुठ्ठा बाकावर ठेवलेल्या आवरणावर त्याच दोन बोल्टच्या भोकांना जुळवून खूण उतरवावी. नॉब बहुधा किंचित तिरका असतो आणि आवरण त्याच्यापासून काही अंतरावर असते, म्हणून खूण सरळ वर न घेता नॉबच्या तिरक्या रेषेत घेणे महत्त्वाचे आहे. भोक चुकते ते बहुतेक वेळा येथेच. लांब दांड्याची ॲलन की जाणार असेल तर २५ मिलिमीटरचे भोक पुरते, बोटे घालायची असतील तर ५० ते ६० मिलिमीटरचे लागते. आधी बारीक ड्रिलने मध्य पक्का करून मग होल-सॉ (गोल भोक कापणारी करवत) हळू वेगाने चालवावा, कारण जास्त वेगाने प्लॅस्टिक वितळून कड खरबरीत होते. कड कानशीने साफ करून भोकात रबरी बूच बसवावे. ते नसेल तर चाकांचा आवाज आणि धूळ दोन्ही आत येतात.

दुसरा मार्ग लवचीक एक्स्टेंशनचा. त्यात नॉबच्या जागी एक लवचीक दांडी बारीक स्क्रूने घट्ट करून तिचे दुसरे टोक डिकीच्या सोयीच्या जागी आणतात. आवरणाला मोठे भोक पाडायचे नसेल किंवा नॉब सीटबेल्टच्या यंत्रणेमागे असेल, तर हाच मार्ग योग्य ठरतो. दांडीला तीव्र वळण देऊ नये आणि ती पत्र्याच्या धारदार कडेला किंवा हलणाऱ्या भागाला घासत नाही याची खात्री करावी. लवचीक दांडीला थोडा पीळ बसतो, त्यामुळे क्लिक हाताला अर्धवट जाणवतो किंवा उशिरा जाणवतो. म्हणून एकेक क्लिक सावकाश फिरवून मोजावा.

नॉब खाली असेल तर गाडी सपाट व कडक जमिनीवर उभी करून पुढच्या चाकांना ठोकळे लावावेत, गाडी उचलावी आणि दोन्ही बाजूंना स्टँड लावल्याशिवाय खाली हात घालू नये. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाणे जिवावर बेतू शकते. चाक काढले की बहुतेक नॉब हाताला लागतात. तेथे मुख्य अडचण जागेची नसून चिखल आणि गंज यांची असते. आधी ब्रशने कोरडी माती झाडावी, मग गंज सोडवणारे तेल मारून काही वेळ थांबावे आणि नॉब दोन्ही दिशांना थोडाथोडा हलवून मोकळा करावा.

मोजणीसाठी एकच पद्धत पाळावी: नॉब हलक्या हाताने पूर्ण कडक बाजूला अडेपर्यंत फिरवावा, त्या जागेला शून्य मानावे आणि तेथून उलट दिशेने क्लिक मोजावेत. बहुतेक नॉब घड्याळाच्या काट्याच्या दिशेने कडक होतात, पण बाण किंवा चिन्ह पाहूनच दिशा ठरवावी. डावा व उजवा शॉक एकाच क्लिकवर असलाच पाहिजे. एकदा माझी गाडी एका बाजूच्या वळणावर वेगळी वागू लागली, तेव्हा तपासल्यावर कळले की एक बाजू मी कडक टोकाकडून मोजली होती आणि दुसरी मऊ टोकाकडून.

आवरण परत बसवण्यापूर्वी रबरी टोपी आणि फोम जागच्या जागी बसवावेत, तारा जोडाव्यात आणि सीटबेल्टचा बोल्ट सोडला असेल तर तो टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणेच आवळावा. मग नेहमीच्या रस्त्यावर गाडी रिकामी चालवून एक क्लिक ठरवावा, प्रवासाच्या भारानिशी चालवून दुसरा ठरवावा आणि दोन्ही आकडे कागदावर लिहून तो कागद रबरी बुचाच्या मागच्या बाजूला चिकटवून ठेवावा.